केसही भिजले पाहिजेत

वर्बिका, १९ ऑगस्ट १९१४

प्रिय येवरेम,

पत्र आलं की तू आधी सही बघतोस आणि माझी असली तर एक डुलकी काढून मग वाचतोस, असं मावशी, तुझी आई, सांगत होती. आज तसं करू नकोस. ग्लिशाला धरून नेलंय.

भरतीची दवंडी पिटली त्या दिवशी तो आपल्या पायांनी बराकीत गेला. लपला नाही, पळाला नाही. तिथे सूप प्यायला, केस कापून घेतले, आणि बंदूक पुढे केली तेव्हा हात मागे घेऊन उभा राहिला. राजाच्या नावानं शपथ घ्यायला सगळ्यांचे हात वर, ह्याचा खाली. सार्जंट म्हणाला, "काय रे, हात मोडलाय?" तर हा म्हणतो, "नाही साहेब, चांगला आहे. म्हणूनच खाली ठेवलाय." आपल्या आळीतल्या पोरांनी येऊन सांगितलं, काही हसत होते, एकाच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्याला तुझ्या शहरातल्या किल्ल्यात ठेवलंय म्हणे. तू तिथल्या अधिकाऱ्यांच्या दाढ्या करतोस. गळ्यावर वस्तरा असला की माणूस खरं बोलतो, अशी बढाई मारत असतोस ना? मग विचार. तो जिवंत आहे का, आणि त्याचं काय करणार आहेत?

आणि तंबुरित्साचा राग आता सोड. मान्य, तुझी ती जुनी तारांची तंबुरित्सा त्यानं उचलून पावाच्या भट्टीत घातली. तेव्हा तो नुकताच नाझरीन लोकांच्या, त्या बंदूक न धरणाऱ्या पंथाच्या, सभेला जायला लागला होता, आणि नव्या धर्माची धुंदी अशी की तारा छेडणं म्हणजे थेट नरक. पण नंतर त्यानंच एक हिवाळा खपून तुला नवी करून दिली ना? मी त्याची थोरली बहीण, आई गेल्यावर मीच त्याला वाढवलंय. मला झोप नाही. उत्तर लगेच दे.

पेर्सिदा

*

किल्ल्याखालची आळी, २७ ऑगस्ट

पेर्सिदाबाई,

डुलकी काढली नाही. दुकान उघडं टाकून लंगडत किल्ल्यावर गेलो. आखूड पायाचा हा एक फायदा, मला कुणी लढाईवर नेत नाही आणि पहारेकरी दया करून आत सोडतात.

तो जिवंत आहे. पाव, डुकराची चरबी आणि तुझ्या हातचा आलुबुखाऱ्याचा मुरंबा, जो माझ्यासाठी होता, तो त्याला दिला. निम्मा त्यानं शेजारच्या कोठडीतल्या चोराला दिला. मी म्हटलं, "अरे, तो चोर आहे!" म्हणे, "चोराला भूक लागत नाही का?" ह्या माणसाशी बोलणं म्हणजे माझं रक्त आटवणं. रोज सकाळी त्याच्या खांद्याला बंदूक बांधतात आणि मैदानात उभा करतात. तो तसाच उभा राहतो, चक्कर येऊन पडेपर्यंत. पडला की उठवतात, पुन्हा बांधतात. ओठ फुटलेत. आणि मला पाहून पहिलं वाक्य काय, तर "येवरेमदादा, तंबुरित्साबद्दल मला माफ केलंस का?" मी म्हटलं, "तू केलेली ती वस्तू बोकडासारखी ओरडते. बाहेर ये, तिचा गळा नीट कर, मग बघू."

आता कामाचं. लष्करी न्यायाधीश कप्तान माझं गिऱ्हाईक आहे. मिशीला मेण लावता लावता विषय काढला. तो वाईट माणूस नाही, घाईत असलेला माणूस आहे. म्हणाला, "नाझरीन मला ठाऊक आहेत. लढाईच्या आधीपासूनचा असेल तर त्याला कोंडून ठेवीन, नाहीतर जखमींच्या गाडीवर जुंपीन. पण लढाई लागल्यावर ज्यांना देव आठवला, त्यांना भिंतीपाशी उभं करून गोळी घालायचा हुकूम आहे. त्याच्या पंथातल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी येऊन सांगू दे, हा आमचा आहे. शपथ नको, मला माहीत आहे ते घेत नाहीत. एक शब्द पुरे."

एक शब्द! पेर्सिदा, सुटला समज. तुमच्या त्या चाकं करणाऱ्या तानासियेला गाडीत घाल आणि पाठव.

येवरेम

*

वर्बिका, ३ सप्टेंबर

येवरेम,

तुझं पत्र छातीशी धरून धावत तानासियेकाकांच्या कारखान्यात गेले. ते चाकाला आरे बसवत होते. पत्र वाचून दाखवलं. काम न थांबवता ऐकलं.

"मग येताय ना?" मी विचारलं.

"बोलावलंय तर जाईन."

"आणि सांगाल ना, ग्लिशा आपला आहे म्हणून?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तो आपला नाही, पोरी. त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही."

"तीन वर्षं येतोय सभेला!"

"मागच्या बाकावर बसतो. तिथे पाहुणे बसतात. तूही बसतेस."

मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुमच्यामुळे तो तिकडे वळला. बाजारात त्या दारुड्या गाडीवानानं तुमच्या थोबाडीत मारली आणि तुम्ही तोंड पुसून त्याच गाडीचं निखळलेलं चाक बसवून दिलंत, ते पाहून पोरगा घरी आला आणि दोन दिवस जेवला नाही. तुम्हीच त्याला हे वेड लावलंत आणि आता हात झटकताय! ते म्हणाले, "मला त्याच्यासाठी जीव द्यायला सांग, देतो. खोटं बोलायला सांगू नकोस." आणि त्यांच्या हातातून आरा दोनदा निसटला, येवरेम. मला त्यांचा राग पुरता करताही येईना.

ग्लिशाचं माफी मागणं तू गमतीत घेत आलास, त्यामागचं कारण आता सांगते. बाप्तिस्म्याच्या आधी, आजवर ज्याला ज्याला दुखवलं त्या प्रत्येकाकडे जाऊन माफी मागायची आणि त्या माणसानं तोंडानं "माफ केलं" म्हणायचं, असा ह्यांचा रिवाज आहे. ग्लिशा गेला हिवाळाभर गावात तेच करत हिंडला. ज्यांच्या नासपती चोरल्या ते, ज्याची टोपी विहिरीत टाकली तो मास्तर, सगळ्यांकडे गेला. पाद्रीबुवांनी तर माफ केलं आणि वर अंगावर कुत्रं सोडलं. एकच माणूस उरला. तू. इस्टरला नदीवर बाप्तिस्मा ठरला होता. तू "बघू" म्हणालास, आणि तो मागच्या बाकावरच राहिला.

तुला बोल लावत नाही. तुला कुठे माहीत होतं. पण आता तू शंभरदा माफ केलंस तरी पाणी कुठून आणायचं? आणि ह्यांचं पाणी म्हणजे कपाळावर चार थेंब नव्हेत. अख्खा माणूस पाण्याखाली गेला पाहिजे, केसही भिजले पाहिजेत. तानासियेकाका त्यात केसभर सूट देत नाहीत.

काहीतरी सुचव. माझं डोकं चालत नाही.

पेर्सिदा

*

किल्ल्याखालची आळी, १० सप्टेंबर

पेर्सिदा,

टपालात पत्रं फोडून वाचतात, म्हणून हे कलिंगडवाल्याच्या हाती देतोय.

तुझं पत्र वाचून दिवसभरात दोन गिऱ्हाइकांना कापलं. एका बोकडासारख्या ओरडणाऱ्या लाकडासाठी! मला वाटायचं, पोरगा दर खेपेला येतो, मान खाली घालून उभा राहतो, मजा येते, आणखी थोडा उभा राहू दे. मला काय ठाऊक, मी त्याच्या देवाच्या दारात पाय घालून बसलोय. आणि हे तुम्ही मला तेव्हा सांगितलं का नाही? तुम्ही म्हणाल, सांगता येत नाही, माफी मनानं आली पाहिजे. अरे, मन काय, तुम्ही मानगूट धरली असती तरी मी दिली असती!

असो. सुनावणी सतरा तारखेला आहे. तानासियेला येऊ देऊ नकोस. गाडीचं चाक निखळतं, घोडं लंगडतं, माणसाच्या पोटात दुखतं. तू शेतकरीण आहेस, तुला मी शिकवायला नको. बाकी माझ्यावर सोड. मी काय करणार ते विचारू नकोस. मी नाझरीन नाही, मी न्हावी आहे. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाचं ओझं मला कधीच झालेलं नाही.

येवरेम

*

वर्बिका, २२ सप्टेंबर

येवरेम,

हे तुला मिळेल का माहीत नाही. कोठडीत पत्र देतात का? पहारेकऱ्याच्या बायकोकडे पाठवतेय.

मी आमच्या गाडीच्या चाकाची खीळ काढली होती. सोळा तारखेला पहाटे तानासियेकाका गाडी जुंपायला आले, वाकून बघितलं, आणि मला हाक मारली. "तू काढलीस?" मी म्हटलं, "हो." त्यांनी हात पुढे केला, मी पदराआडची खीळ काढून दिली. "बरं झालं खरं बोललीस," म्हणाले आणि गेले. मी त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. तीन वर्षं मागच्या बाकावर बसून मलाही तो रोग जडलाय.

परत आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. ते एवढं कधी बोलत नाहीत. कप्तानानं विचारलं, "हा तुमचा आहे?" ते म्हणाले, "नाही." मग तू उभा राहिलास. क्रूसावर हात ठेवून शपथ घेतलीस की इस्टरला तू नदीकाठी होतास, तुझ्या डोळ्यांदेखत ग्लिशाला पाण्यात बुडवलं, म्हाताऱ्याला आता वयोमानानं आठवत नाही. म्हणे तू असं रंगवून सांगितलंस, की पाणी किती गार होतं आणि ग्लिशाला कशी शिंक आली, की क्षणभर तानासियेकाकांनासुद्धा वाटलं, झालं होतं की काय! कप्तान खूश झाला, त्यालाही बिचाऱ्याला सोडायचंच होतं. लेखणी उचलली होती त्यानं. फक्त रिवाज म्हणून ग्लिशाला विचारलं, "असंच झालं ना?"

ग्लिशा तुझ्याकडे बघत राहिला. डोळे भरून आले होते म्हणाले. मग बोलला, "नाही साहेब. माझा भाऊ माझ्यावरच्या मायेनं खोटं बोलतोय."

आता तोही आत आणि तूही आत.

मला कळत नाही मी कुणावर ओरडू. एकानं खरं बोलून बुडवलं, दुसऱ्यानं खोटं बोलून, आणि तिसऱ्यानं पुन्हा खरं बोलून. तुमच्यापैकी एकानं, एकानं जरी, दुसऱ्यासारखं वागायचं मनावर घेतलं असतं! मी रात्रंदिवस अंगणात येरझारा घालते, शेजारीण म्हणते जमीन झिजेल. तरी तू उभा राहिलास येवरेम. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, तुला हे तोंडावर सांगायची पाळी माझ्यावर आणू नकोस म्हणजे झालं.

पेर्सिदा

*

किल्ला, १ ऑक्टोबर

पेर्सिदा,

मिळालं. पहारेकऱ्याची दाढी फुकट करतो, त्याची बायको टपाल करते. माझी काळजी करू नकोस. खोट्या साक्षीबद्दल मला काही महिने इथे काढायचेत, आणि इथला न्हावी लढाईवर गेल्यामुळे मला त्याच्या जागेवर बसवलंय. सकाळी चोरांच्या दाढ्या, दुपारी साहेबांच्या. साबण एकच.

ग्लिशाचा निकाल झाला. तुला लिहायला हात धजत नव्हता. भिंत. कागद वर सहीला गेलाय, आठवडा लागेल म्हणतात. कप्तान माझ्या समोर खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तुझ्या भावानं माझ्या हातातली लेखणी काढून घेतली." त्याचाही चेहरा उतरला होता.

ग्लिशा पलीकडच्या ओळीत आहे. त्यानं निरोप धाडला, "तंबुरित्साबद्दल माफ कर, आणि तुला तुरुंगात धाडलं त्याबद्दलही माफ कर." मी उलट निरोप धाडला, "दोन्ही नाही."

थांब, शिव्या नंतर दे. आधी ऐक. त्याला मी लहानपणापासून ओळखतो. हातातलं काम अर्धं टाकून तो जेवायलासुद्धा उठत नाही. जोवर माझ्याकडे त्याचं काही अडकलंय, तोवर तो जाणार नाही. काहीतरी होईल, लढाई थांबेल, कागद हरवेल, राजा मरेल. मी त्याला धरून ठेवलंय पेर्सिदा. माझ्या हातात एवढी एकच दोरी उरलीय, ती सोडायला सांगू नकोस.

येवरेम

*

वर्बिका, ५ ऑक्टोबर

गाढवा,

दोरी त्याच्या पायात नाही, तुझ्या मनात आहे. गोळीला तुझी माफी दिली की नाही हे कळतं का? तो जाईल तो जाईलच, आणि जाताना ते ओझं घेऊन जाईल. त्याला मरणाची भीती नाही, त्याला ह्याची भीती आहे. मी त्याची बहीण असून तुला सांगतेय, सोड. मला हे लिहिताना काय होतंय ते तू मला पुन्हा कधी विचारू नकोस.

कालच्या सभेत मी मागच्या बाकावर एकटीच होते. तानासियेकाका पुढे उभे राहिले आणि पोथी उघडून तशीच मिटली. शेवटी म्हणाले, "मी खरं बोललो, आणि मला झोप लागत नाही," आणि खाली बसले. कुणी गाणं म्हटलं नाही.

माफ कर त्याला. दोन्हीबद्दल. तोंडानं म्हण, त्याला ऐकू जाईल असं.

पेर्सिदा

*

किल्ला, १२ ऑक्टोबर

पेर्सिदा,

झालं. काल सकाळी.

पहाटे मला उठवलं, शेवटची दाढी करायची म्हणून. वस्तरा दिला, मागे दोन शिपाई. ग्लिशा स्टुलावर बसला होता, हात बांधलेले, चेहरा झोप झालेल्या माणसासारखा. मी साबण लावला. तो म्हणाला, "दादा, साबण कानात घालतोयस." मी म्हटलं, "गप बस, हलू नकोस."

मग तुझं ऐकलं. म्हटलं, "ग्लिशा, तू केलेली तंबुरित्सा चांगली वाजते. पहिल्यापासून चांगलीच वाजत होती. मी मुद्दाम तुला चिडवत होतो."

तो साबणातून हसला. "आत्तासुद्धा खोटं बोलतोस?"

"बरं, बोकडासारखी वाजते. पण माफ केलं."

"कशाबद्दल? तंबुरित्साबद्दल की तुरुंगाबद्दल?"

"दोन्ही. सगळं. जे केलंस ते आणि जे करायचं राहिलं तेसुद्धा."

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की साबण माझ्या बाहीवर उडाला. तो मी अजून धुतलेला नाही. मग म्हणाला, "माझं आता कुणाकडे काही राहिलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "पाणी तेवढं राहिलं." मी त्याचं तोंड पुसलं. गालाचं चुंबन घेतलं, तुमच्या सभेत भाऊ भाऊ घेतात तसं.

आता पुढचं नीट वाच, आणि तानासियेला मोठ्यानं वाचून दाखव. त्याला मैदानात नेलं तेव्हा पाऊस सुरू झाला. मी न्हाव्याच्या खिडकीतून पाहत होतो. साधासुधा पाऊस नाही, ढग फुटल्यासारखा. शिपायांनी टोप्या ओढल्या, ह्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. त्यानं तोंड वर केलं आणि तसाच उभा राहिला. डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत चिंब. केसांतून पाणी गळत होतं. हनुवटीवरून धार लागली होती. अंगावर कोरडी अशी एक जागा उरली नव्हती. त्यानंतर बंदुका वाजल्या.

आणखी मला लिहवत नाही.

येवरेम

*

वर्बिका, २१ ऑक्टोबर

प्रिय येवरेम,

तुझं पत्र तीन दिवस उशाखाली होतं. वाचलं होतं, पुन्हा वाचायचा धीर नव्हता. रविवारी सभा संपल्यावर तानासियेकाकांना थांबवलं आणि तू म्हणालास तसं मोठ्यानं वाचून दाखवलं. ते पुढच्या बाकावर बसून ऐकत होते, डोळे मिटून.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "न्हाव्यानं तोंडानं म्हटलं? दोन्हीबद्दल?"

"हो."

"आणि पाऊस. भुरभुर होती की चिंब?"

मी तेवढं पुन्हा वाचलं. "डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत चिंब."

"केस?"

"केसांतून पाणी गळत होतं."

"कुणी ओतलं नाही. वरून आलं."

"वरून आलं."

बाहेर घोडी खूर आपटत होती. मग ते उठले, मागच्या बाकापाशी आले, ग्लिशाची गाण्यांची पोथी तिथेच पडलेली असते, ती उचलली, पुढच्या बाकावर आपल्या जागेच्या शेजारी नेऊन ठेवली. तिथे आता कुणी बसत नाही.

मी विचारलं, "म्हणजे तो आपला आहे?"

"हो," म्हणाले. एवढंच. त्यांच्या हो आणि नाहीची किंमत तुला मी सांगायला नको. आणि म्हातारा असा रडला येवरेम, की मलाच त्याला धरून घरी न्यावं लागलं. त्या रात्री त्याला झोप लागली असं त्याची सून सांगत होती.

तू सुटलास की सरळ इकडे ये. मुरंबा ठेवलाय, ह्या वेळी तुझ्यासाठीच. तंबुरित्सा घेऊन ये. वाजव, कशीही वाजू दे.

एक गोष्ट राहिली. अकरा तारखेला आम्ही अंगणात मका वाळत घातला होता. दिवसभर कडक ऊन होतं, आभाळात कापसाच्या बोळ्याएवढासुद्धा ढग नव्हता, तुमच्या किल्ल्याच्या दिशेलाही नाही. पण तुमचं गाव दिवसभराच्या वाटेवर आहे, तिथलं आभाळ वेगळं असेल. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी काही बोलले नाही. मी तुलाही विचारत नाही.

तूही लिहू नकोस.

तुझी,
पेर्सिदा